अठरा महिने आणि पाच मोबाइल नंबर

मी बीड जिल्ह्यात आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात समुपदेशक आहे, कंत्राटी, म्हणजे दरवर्षी ऑर्डर निघते की नाही याची वाट बघणारी. २००९ पासून करतेय. तेव्हा आईकडून बाळाला लागण होऊ नये म्हणून पॉझिटिव्ह बाईला कळा सुरू झाल्या की नेव्हिरॅपिनची एक गोळी, ७२ तासांच्या आत बाळाला एक डोस, की झालं. २०१४ पासून गरोदर बाई पॉझिटिव्ह निघाली की सीडीफोर (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) कितीही असू दे, लगेच एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या, आणि त्याही जन्मभर. टेस्ट फुकट, औषध फुकट. काहीच केलं नाही तर १०० पैकी १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते, सगळं नीट झालं तर ५ पेक्षाही कमी. ऐकायला सोप्पं वाटतं ना? एका बाईचं सांगते. नाव गाव सांगणार नाही, विचारू पण नका.

ऑगस्ट २०१८. ऊसतोडीला जाणारी बाई, पाचवा महिना. सबसेंटरच्या सिस्टरनी बोटातून रक्त घेऊन तपासलं आणि माझ्याकडे पाठवलं, आमच्याही तिन्ही टेस्ट पॉझिटिव्ह. सासू बाहेर बाकड्यावर बसलेली. मी सगळं समजावलं तर ही रडली नाही काही नाही, एवढंच म्हणाली, "ताई, कोयता मोडंल का आमचा?" कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून उचल मिळते ती जोडीवर, आणि ती तर घेऊन खर्च पण झालेली. नवऱ्याला तीन निरोप धाडले, चौथ्याला आला. खोटं सांगून रक्त घेता येत नाही, संमती लागते, त्यामुळे दोन तास नुसतं बोलण्यात गेले. तोही पॉझिटिव्ह निघाला.

गोळी रात्री एकच, पण तेव्हाच्या त्या गोळीत इफाव्हिरेन्झ असायचं, त्यानं गरगरतं आणि भलतीसलती स्वप्नं पडतात. ही पुढच्या वेळी आली तर म्हणे ताई सगळी रात स्वप्नातच जाती, तोडीला पहाटं तीनला उठायचं कसं. थोड्या दिवसांनी कमी होतं म्हणून सांगितलं, आणि झालंही. सासूला वाटायचं रक्तवाढीची गोळी आहे, आम्ही वाटू दिलं.

दसरा झाला, टोळी गाडीत बसून कोल्हापूरकडं गेली. मी तिकडच्या समुपदेशकाला फोन केला, हिच्या एआरटीच्या पुस्तकात चिठ्ठी घालून दिली, आणि पंधरा दिवसांत हिचा नंबर बंद. नवा नंबर मिळाला तो मुकादमाच्या बायकोचा, त्यावर मी "अंगणवाडीच्या बाई" म्हणून बोलायचे.

डिसेंबरमध्ये रात्री अकराला फोन. कळा सुरू, दवाखान्यात पोचलेली, आणि पुस्तक बघितल्यावर तिथून दुसरीकडं जा म्हणतायत. असा भेदभाव करायचा नाही हा कायदा त्याच सप्टेंबरात लागू झालेला, पण रात्री अकराला कलमं कोणाला ऐकवता? मी म्हटलं फोन सिस्टरकडं दे. खरं सांगू, सिस्टर वाईट नव्हती, घाबरली होती. ग्लोव्हज घालून जी काळजी प्रत्येक बाळंतपणात घ्यायची तीच इथं घ्यायची, वेगळं काही नाही, हे मी तिला बहुतेक वीस मिनिटं सांगत होते, मग तिच्या डॉक्टरांना. पहाटे मुलगी झाली, २ किलो ६००.

बाळाला नेव्हिरॅपिनचं सिरप रोज दीड मिली. एरवी सहा आठवडे देतात पण आईच्या गोळ्या २४ आठवडे झालेल्या नव्हत्या म्हणून बारा. हिला वाचता येत नाही, तर तिकडच्या समुपदेशक ताईंनी सिरिंजवर पेनानं रेघ मारून दिली. या एका रेघेसाठी मी त्या ताईंची आजन्म ऋणी आहे, अजून प्रत्यक्ष भेट नाही आमची.

दुसरं संकट बाळगुटी. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं काही नाही, दोन्ही मिसळलं की धोका वाढतो. पण सासू कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत बसून गुटी उगाळतेय, मध चाटवतेय, आणि हिला कारण सांगता येत नाही. शेवटी मी फोनवर सासूला दम दिला, डॉक्टरांनी बंद केलंय, बाळाचं पोट नाजूक आहे. ऐकलं म्हातारीनं, नशीब.

दीड महिन्याला बाळाच्या टाचेतलं रक्त कागदावर घेऊन एचआयव्हीची टेस्ट, डीबीएस म्हणतात तिला. त्यासाठी एक खाडा, खाड्याचे पैसे कापले जातात. आणि कागदावरचे गोल नीट भरले नाहीत म्हणून सॅम्पल परत! पुन्हा खाडा. नवरा फोनवर चिडला माझ्यावर, आणि बरोबरच होतं त्याचं. रिपोर्ट निगेटिव्ह यायला महिना उलटून गेला, तोवर आणखी एक नंबर बदललेला. सहा महिन्याची टेस्ट गावात झाली, वर्षाची परत उसाच्या फडावरून जाऊन.

शेवटच्या टेस्टचे अठरा महिने भरले ते जून २०२० ला, म्हणजे लॉकडाऊन. एसटी नाही, आमचा लॅब टेक्निशियन कोविड ड्युटीवर. भावाच्या मोटरसायकलवर आली, पोरगी मध्ये बसवून. टेक्निशियन दुपारी आला तोवर पोरीनं माझ्या टेबलावरचे सगळे फॉर्म खाली पाडले.

निगेटिव्ह. मी तिला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "मंग माझ्या गोळ्या बी बंद?" म्हटलं नाही गं बाई, तुझ्या चालूच. बराच वेळ गप्प बसली. मग पदराची गाठ सोडून एक चिठ्ठी काढली, "नंबर बदललाय ताई, लिहून घ्या."