दुसरा प्रश्न

दुसऱ्याच प्रश्नाला माझी पेन्सिल अडली.

‘आमच्याकडचं अन्न संपलं आणि आणखी विकत घ्यायला पैसे नव्हते.’ गेल्या बारा महिन्यांत असं अनेकदा झालं, कधीकधी झालं, की कधीच झालं नाही? कॅनडात घरातली अन्नाची चणचण मोजायला अठरा प्रश्नांची एक ठरलेली प्रश्नावली वापरतात, त्यातला हा दुसरा. समोर ऐंशी ओलांडलेली आजी बसली होती. सगळं गाव तिला कोकुम म्हणतं. क्री या इथल्या आदिवासींच्या भाषेत कोकुम म्हणजे आजी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला घरचं कोकम आठवलं होतं, त्यामुळे ही हाक माझ्या तोंडात चटकन बसली.

“पैसे होते,” कोकुम म्हणाली. “पेन्शन येते. मासे नव्हते.”

“म्हणजे कधीच नाही, असं लिहू?”

“मासे नव्हते म्हणतेय ना! बर्फ धरायच्या दिवसांत दोन आठवडे जाळं टाकता आलं नाही. दुकानातले डबे उघडून खाल्ले.”

माझ्या कागदावर याला जागा नव्हती. पैसे होते म्हणजे खूण ‘कधीच नाही’वर, आणि हे घर हिशेबात खाऊनपिऊन सुखी. देशाच्या आरोग्य पाहणीत आदिवासींच्या राखीव क्षेत्रातली घरं धरतच नाहीत, म्हणून तर मी हे कागद घेऊन विनिपेगहून थॉम्पसनपर्यंत साडेसातशे किलोमीटर आणि तिथून पुढे साउथ इंडियन लेक या तळ्याकाठच्या गावी आले होते. ग्रामीण विकास हा माझा अभ्यासाचा विषय, आणि मॅनिटोबा प्रांताच्या उत्तरेतल्या क्री गावांमधलं अन्न हा प्रबंधाचा.

तिचं म्हणणं मला कळलं, कारण त्याच दिवशी सकाळी मी बर्फावर जाऊन आले होते. मार्चअखेर, उणे चोवीस. गावात ‘इथिंतो मेचिसोविन’ नावाचा उपक्रम आहे. आपल्या भूमीतलं अन्न, असा त्याचा अर्थ. शिकारीचं मांस आणि मासे म्हातारी माणसं, एकट्या आया यांना फुकट वाटतात. त्यांच्यासाठी मासे आणणाऱ्या दोघांनी मला स्नोमोबाइलच्या मागच्या घसरगाडीत बसवून नेलं. गोठलेल्या तळ्यात जाळं कसं टाकतात हे मी तोवर फक्त वाचलं होतं. बर्फाला भोक पाडून त्यातून एक लांब फळी खाली सोडतात. तिला तरफ असते. वरून दोरीला हिसका दिला की तरफ बर्फाच्या पोटाला रेटा देते आणि फळी हातभर पुढे सरकते. एक जण दोरी ओढतो, दुसरा वर चालत फळीचा आवाज ऐकत जातो. ती जिथे थांबली तिथे दुसरं भोक. दोरी वर काढायची आणि तिला बांधून जाळं खालून ओढून घ्यायचं. एवढं सगळं बोटं बधिर होत असताना.

किनाऱ्याजवळ मात्र त्यांनी गाडी थांबवली आणि लोखंडी पहारेने बर्फ ठोकून पाहिला. आवाज पोकळ आला. हिवाळ्यात दक्षिणेकडच्या शहरांना वीज जास्त लागते, म्हणून तळ्यातलं पाणी सोडतात. पाणी खाली जातं, बर्फाची साय वर लटकत राहते, मध्ये नुसती हवा. काही ठिकाणी बर्फ खचतो आणि भेगांतून आलेलं पाणी वरच्या भुसभुशीत हिमाखाली साचतं. वरून काही दिसत नाही, गाडी मात्र रुतते. “आमच्या आज्याला महिना सांगितला की बर्फ किती जाड ते तो सांगायचा,” त्यातला थोरला म्हणाला. “आता महिन्यावरून काही कळत नाही.”

हे सगळं 1976 पासूनचं. चर्चिल नदीचं बहुतेक पाणी नेल्सन नदीवरच्या वीजकेंद्रांकडे वळवलं, त्यासाठी हे तळं सुमारे तीन मीटर चढवलं. जुनी वस्ती उठवून नव्या जागी आणली. काठ गोठलेल्या मातीचे, पाणी लागलं तशी माती वितळली, कडे ढासळले, पाणी गढुळलं. बुडालेल्या जंगलातलं पान-मूळ कुजू लागलं, त्यावर वाढणाऱ्या जिवाणूंमुळे मातीतला पारा विषारी रूपात माशांत शिरला. दुसरे मासे खाणाऱ्या मोठ्या माशांत तो जास्त साठतो. व्हाइटफिश तळाचे किडे-गोगलगायी खातो, म्हणून त्यात कमी. पण ज्या व्हाइटफिशवर गावाचा धंदा उभा होता तो धंदाच बसला.

या गोष्टी मी पुस्तकांत वाचलेल्या होत्या आणि तरी पैशाचाच प्रश्न घेऊन आले होते. याची मला मनापासून लाज वाटली. मी उजनीची आहे. आमचं जुनं गावठाण भीमेच्या पाण्याखाली आहे, आजोबांची काळी जमीन बुडीतात गेली, आणि वडील भिगवणच्या बाजारात चिलापी विकून आम्हाला शिकवत होते. धरणग्रस्ताच्या घरात काय कमी पडतं हे मला कुणी सांगायला नको होतं.

मी कागद उलटा ठेवला. कोकुमने ते पाहिलं, काही बोलली नाही. सकाळच्या वाट्यातला एक व्हाइटफिश तिने माझ्यापुढे सरकवला. अतीकमेक, म्हणाली. अतीक म्हणजे कॅरिबू हरीण, म्हणजे हा माशांतला हरीण. मी सवयीने विळी शोधू लागले. तिने पातळ, लवचिक पात्याची सुरी हातात दिली. मला खवले काढून, तुकडे पाडून मासा करायची सवय. तिने कल्ल्यामागे चीर देऊन कण्याला धरून पातं शेपटीपर्यंत नेलं आणि अख्खी बाजू एका झटक्यात मोकळी केली. कण्यावर मांस उरलं नव्हतं. डोकं वेगळं, रश्श्यासाठी. माझ्या माशाच्या दोन्ही बाजू फाटल्या, त्या तिने काही न म्हणता आपल्या ताटलीत घेतल्या.

मासा साफ करता करता मी तिला पळसदेवच्या देवळाचं सांगितलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते वर येतं आणि लोक बघायला जातात. सुरी थांबली. “तुमचं वर येतं?” तिने विचारलं. मग खिडकीकडे हात करून म्हणाली, “माझ्या आईचं घर लाकडाचं होतं.”

दुपारी उपक्रमाच्या समितीपुढे बसले. इथल्या आदिवासी राष्ट्रांनी संशोधकांसाठी 1998 मध्ये चार तत्त्वं मांडली: माहितीची मालकी, तिच्यावरचं नियंत्रण, ती हवी तेव्हा पाहायची मुभा आणि ती प्रत्यक्ष कुणाच्या ताब्यात राहणार. विद्यापीठात या चार शब्दांवर मी परीक्षेत पान भरून लिहिलं होतं. समितीने दहा मिनिटांत निकाल दिला. भरलेले कागद गावातल्या कपाटात राहतील, चावी त्यांच्याकडे. प्रश्न नव्याने करायचे आणि आधी त्यांना दाखवायचे. माझ्या मार्गदर्शकांना कळवलं, तर त्यांची पहिली काळजी ही की ठरलेली प्रश्नावली मोडली तर बाकी देशाशी तुलना कशी करणार. काळजी खोटी नाही. मी म्हटलं, अठरा प्रश्न राहू देत, आमचे वेगळे जोडू.

रात्री घरी फोन लावला. वडिलांनी आधी माशाला काटे किती ते विचारलं, मग जाळ्याच्या घरांचं माप विचारलं. फळीची गोष्ट त्यांनी दोनदा सांगायला लावली. मग म्हणाले, “पाणी सोडायच्या आधी त्यांना कळवतात का गं कुणी?”

हे मी दिवसभरात एकालाही विचारलं नव्हतं. फोन ठेवून नवा कागद घेतला आणि सगळ्यात वर तो प्रश्न लिहिला.