मेरठ, जालंधर, संगम: बॅट बनते तिथे जाऊन बॅट घेताना

मुलाला काश्मीर विलोची बॅट घ्यायची की इंग्लिश विलोची (विलो म्हणजे ज्याच्या लाकडाची बॅट करतात ते झाड), हा आमच्या कोचिंगमधल्या पालकांचा ठरलेला प्रश्न. त्यावर दुकानदाराचा ठरलेला प्रतिप्रश्न: बजेट किती? लाकूड कुठलं, ते किती वाळलं, बॅट कुणी घडवली, याबद्दल दोन्हीकडून कुणी काही बोलत नाही. मुलांच्या हातात वर्षभर राहणारी वस्तू आहे, तिच्याबद्दल आपल्याला नीट माहिती हवी असं मला फार दिवस वाटत होतं. म्हणून यंदा मुंबईत धोबी तलावच्या दुकानांत न जाता मेरठ, जालंधर आणि काश्मीरमधलं संगम अशी तिन्ही ठिकाणं सलग केली आणि मुलांसाठी बॅटी तिथूनच आणल्या. ज्यांना जायचंय त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहितोय.

मुंबईहून जाणाऱ्यांची सोय गोल्डन टेंपल मेलने होते. मुंबई सेंट्रलहून सुटणारी ही गाडी मेरठ सिटी आणि जालंधर सिटी दोन्ही घेते. पुणेकरांनी झेलमने दिल्ली गाठावी. तिथल्या न्यू अशोक नगरहून नमो भारत या वेगवान रेल्वेने मेरठ साउथपर्यंत पटकन पोहोचता येतं, पुढे रिक्षा. सूरजकुंडचा स्पोर्ट्स बाजार कुणीही दाखवेल.

सूरजकुंडला समोर दिसतात ती दुकानं. खरं पाहण्यासारखं आहे ते मागच्या गल्ल्यांमध्ये. मोठ्या कंपन्यांच्या कारखान्यात आधी फोन करून परवानगी घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत आणि ते योग्यच आहे. छोट्या वर्कशॉपवाल्यांना मात्र आपण खेळातले आहोत आणि घेणारे आहोत हे कळलं की ते आनंदाने दाखवतात. सकाळी अकराच्या सुमारास जावं, तेव्हा काम जोरात असतं.

तिथे पहिली गोष्ट कळते ती ही की मेरठची बॅट आणि मेरठचं लाकूड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेरठला विलो होत नाही. महागड्या बॅटींचं लाकूड इंग्लंडमधून, मुख्यतः एसेक्स आणि सफोक भागातून, क्लेफ्टच्या रूपात येतं. क्लेफ्ट म्हणजे ओंडका फोडून काढलेला बॅटीच्या मापाचा तुकडा. एसेक्समधली जे. एस. राइट अँड सन्स ही कंपनी १८९४ पासून याच धंद्यात आहे. तिथे हे झाड पीक म्हणून लावतात. पहिली काही वर्षं खोडावर फुटणारे कोंब हाताने काढत राहतात, म्हणजे लाकडात गाठी येत नाहीत. साधारण पंधरा-वीस वर्षांनी झाड तोडलं जातं. म्हणजे स्टिकर मेरठचं किंवा जालंधरचं असलं, तरी ‘इंग्लिश विलो’मधलं इंग्लिशपण झाडाचं असतं. बॅट आपल्याच माणसाने घडवलेली असते.

हे काम उभं राहून पाहावं. क्लेफ्टची रास पडलेली असते, एक जण प्रत्येक तुकडा उचलून रेषा पाहतो आणि ग्रेड ठरवतो. मग ब्लेड रोलरखाली प्रेस होतं. माझ्या मते बॅटीचं नशीब या टप्प्यावर ठरतं. प्रेस कमी झाली तर चेंडू लागून पृष्ठभाग लवकर दबतो आणि चिरतो, जास्त झाली तर लाकूड मुकं होतं, चेंडू उसळी घेत नाही. त्यानंतर इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेत वेताचं हँडल चिकटवलं जातं आणि मग रंदा सुरू होतो. जुना कारागीर मध्येच बॅट उचलून झुलवून बघतो, पाठीवरून थोडं लाकूड काढतो, परत झुलवतो. पिकअप, म्हणजे उचलताना बॅट हाताला किती हलकी लागते ते, यातून येतो. वजनकाट्यावर सारख्या भरणाऱ्या दोन बॅटी हातात किती वेगळ्या लागतात हे तिथे समजतं. कडांची जाडी ४० मिलिमीटर आणि एकूण जाडी ६७ मिलिमीटर ही मर्यादा २०१७ च्या नियमांपासून आहे. मर्यादेइतक्या जाड कडा ठेवूनही बॅट हलकी वाटावी, ही सगळी कसोटी त्या हातांची.

ग्रेडबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ग्रेड बहुतेक दिसण्यावर ठरते. सरळ, सारख्या अंतराच्या रेषा आणि डाग नसलेलं ब्लेड म्हणजे ग्रेड वन. एक रेष म्हणजे झाडाचं एक वर्ष. दाट रेषांची बॅट लवकर ‘खुलते’, म्हणजे तिच्यावरून चेंडू लवकर छान जायला लागतो, पण तिचं आयुष्य सहसा कमी असतं. कोपऱ्यात एखादा तपकिरी पट्टा किंवा बटरफ्लाय (फुलपाखरासारखा डाग) आहे म्हणून खालच्या ग्रेडमध्ये गेलेली बॅट कित्येकदा ग्रेड वनइतकीच छान खेळते आणि बरीच स्वस्त पडते. क्लब क्रिकेट खेळणाऱ्याने मेरठला जाऊन हीच शोधावी. हे दुकानातल्या फोटोवरून होत नाही, चार बॅटी मोगरीने ठोकून पाहाव्या लागतात.

जालंधरला बस्ती नौ आणि आजूबाजूच्या बस्त्यांमध्ये हाच उद्योग आहे. दोन्ही शहरांतल्या कारागिरीचं मूळ सियालकोटचं. मेरठची एसजी म्हणजे सॅन्सपॅरील्स ग्रीनलँड्स १९३१ साली सियालकोटलाच सुरू झाली आणि फाळणीनंतर इकडे आली. वेळ कमी असेल तर मेरठ आणि जालंधरपैकी एकच करा, पाहायला मिळतं ते बरंचसं सारखं आहे. जालंधरला घाऊक खरेदी मला सोपी वाटली, पॅड-ग्लोव्ह्जही तिथेच घेता येतात.

संगम मात्र चुकवू नका.

जालंधरहून जम्मू किंवा कटरा गाठायचं. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू आहे, तिचं तिकीट लवकर काढावं. श्रीनगरहून संगम साधारण ४० किलोमीटर, जम्मूच्या दिशेने महामार्गावरच. बनिहालकडे जाणाऱ्या लोकलने अवंतीपुरा किंवा बिजबेहारा स्टेशनला उतरून सुमोनेही जाता येतं. आपल्याकडचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, निघण्यापूर्वी पोस्टपेडची सोय करा. शुक्रवारी दुपारी नमाजासाठी काम थांबतं. सफरचंदाच्या हंगामात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, महामार्गावर ट्रकच ट्रक असतात, तेव्हा वेळ हाताशी ठेवून निघा.

झेलमला विशव आणि रेंबियारा जिथे मिळतात तिथलं हे गाव. संगम, हलमुल्ला, बिजबेहारा या पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्लेफ्टचे उंच मनोरे रचलेले दिसतात. वारा आरपार जावा म्हणून आडवे-उभे, मध्ये फटी ठेवून. या भागात सुमारे चारशे कारखाने असल्याचं सांगितलं जातं. गाडी थांबवली की पहिल्या दुकानातच शिरू नका. ही दुकानं पर्यटकांसाठीही आहेत, तिथल्या रंगीत स्टिकरच्या बॅटी भेट म्हणून ठीक. मागे जिथे आरा मशीन चालू आहे तिथे जा.

काश्मीरचा विलो इंग्लिशपेक्षा घट्ट आणि जड. झाडं बांधावर, ओढ्याकाठी वाढतात, जनावरांच्या चाऱ्यासाठी आणि सरपणासाठी फांद्या छाटल्या जातात, त्यामुळे गाठी आणि तपकिरी पट्टे जास्त. पण यावरून ‘काश्मीर म्हणजे दुय्यम’ असा जो निष्कर्ष आपण काढतो तो मला मान्य नाही. आपल्याकडे पोहोचणारी काश्मीरची स्वस्त बॅट हा तिथला घाईत वाळवलेला, अर्धवट प्रेस केलेला माल असतो. तिथले कारागीर स्वतःसाठी म्हणून बाजूला ठेवतात ते लाकूड वर्षभर किंवा त्याहून जास्त वाळलेलं, सरळ रेषांचं असतं आणि त्याची बॅट फार वेगळी बोलते. २०२२ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात यूएईच्या जुनैद सिद्दीकीने श्रीलंकेविरुद्ध मारलेला १०९ मीटरचा षटकार काश्मीर विलोच्या बॅटीचाच होता, हे तिथे लहान मुलंही अभिमानाने सांगतात. तो अभिमान रास्त आहे. इतकी वर्षं अनेक कारखान्यांतून बिनस्टिकरच्या बॅटी बाहेर गेल्या आणि नाव दुसऱ्या शहराचं लागलं.

काळजी एकाच गोष्टीची वाटली. विलो तोडला जातोय त्या वेगाने लावला जात नाही आणि शेतकरी झटपट पैसे देणाऱ्या पॉप्लरकडे वळतोय. पॉप्लरच्या बॅटीही ‘काश्मीर विलो’ म्हणून विकल्या जातात. तुमची फसगत होण्याची सर्वात मोठी जागा हीच. पॉप्लर पांढरट असतो, संशय यावा इतका हलका लागतो, रेषा पुसट असतात आणि अंगठ्याचं नख दाबलं तर सहज वळ उठतो. म्हणून स्टिकर आणि फेसवरची (चेंडू लागतो त्या बाजूवरची) प्लास्टिकची शीट लावण्याआधीची कोरी बॅट मागा. कोरी दाखवायला टाळाटाळ झाली तर पुढच्या कारखान्यात जा, शेजारीच आहे. फारच पांढरीशुभ्र दिसत असेल तर ब्लीच केलंय का तेही विचारा. सामान तोलायचा छोटा हुकाचा काटा खिशात ठेवा. मोठ्यांसाठी लेदर बॉलची बॅट ११५० ते १२५० ग्रॅममध्ये बसत असेल तर उत्तम, काश्मीरमध्ये १२५० च्या आत चांगली मिळाली तर सोडू नका.

कुणी काय घ्यावं याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला संगमची चांगली वाळलेली काश्मीर विलो पुरते, फक्त साइझ बरोबर घ्या. ‘वाढत्या अंगाची’ म्हणून मोठी बॅट घेतली की मुलाचा खालचा हात जोर करायला लागतो आणि ती सवय जाता जात नाही. कोकणात, रायगडात, नवी मुंबईत टेनिस बॉल खेळणाऱ्यांनी तर दुसरीकडे बघूच नये. पाठीवर स्कूप केलेली, म्हणजे खोलगट कोरलेली, जाड काश्मिरी बॅट तिथे हव्या त्या वजनात करून मिळते. जिल्हा पातळीवर लेदर बॉल नियमित खेळणाऱ्याने मेरठला जाऊन डागाची इंग्लिश घ्यावी. सगळ्यात खालच्या ग्रेडची, रंगीत कव्हर चढवलेली इंग्लिश विलो कुणीच घेऊ नये, त्या पैशांत संगमची अव्वल बॅट येते.

आणताना विमानात बॅट केबिनमध्ये नेता येत नाही, चेक-इन करावी लागते. जास्त बॅटी असतील तर पक्कं बिल घेऊन ट्रान्सपोर्टने पाठवा आणि टो, म्हणजे बॅटीचं खालचं टोक, पुठ्ठ्याने बांधून घ्या. घरी आल्यावर जवसाच्या तेलाचा पातळ हात, तोही कडा आणि फेसला, खाचेच्या जोडाला अजिबात नाही. मग लाकडी मोगरीने काही तास सबुरीने नॉकिंग, म्हणजे फेस हलकं ठोकून बॅट तयार करणं, त्यानंतर जुन्या चेंडूवर हलके फटके. काश्मीरच्या कोरड्या हवेतून आलेलं लाकूड आपल्या पावसाळ्यात ओल धरतं, टो फुगतो. शक्य असेल तर मे-जूनमध्ये खरेदी टाळा. पावसाळा संपल्यावर जा, येऊन नॉकिंग करा, नोव्हेंबरच्या सामन्यांना बॅट तयार असते.