कादवेकाठच्या थंडीची नोंदवही

हिवाळ्यात वर्तमानपत्रांत निफाडच्या किमान तापमानाचा आकडा छापून येतो. तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो आणि तिथल्यापुरता बरोबर असतो. आमच्या गावच्या द्राक्षबागा मात्र कादवा नदीच्या काठाला, खोलगटात आहेत. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की रात्री जमीन झपाट्याने निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते, उताराने खाली येते आणि सखल भागात साचून राहते. माळावरच्या बागेत आणि नदीकाठच्या बागेत एकाच पहाटे वेगवेगळी थंडी असते, हे गावातल्या प्रत्येकाने अंगावर काढलेलं होतं. लिहून मात्र कुणी ठेवलेलं नव्हतं. ते काम मी आपणहून घेतलं.

खरा विचार करावा लागला तो जागेचा. घराच्या भिंतीला तापमापक टांगला तर भिंत दिवसभर प्यायलेलं ऊन रात्री परत देते. पत्र्याखाली नको, कोब्याजवळही नको. शेवटी आमच्या सुतारांकडून लाकडी पेटी करून घेतली. चारी बाजूंनी दुहेरी तिरप्या पट्ट्या, म्हणजे हवा खेळते पण ऊन आत येत नाही. पांढरा रंग दिला, पेटीचा तळ जमिनीपासून चार फुटांवर घेतला आणि दार उत्तरेला ठेवलं, कारण दक्षिणेला ठेवलं तर हिवाळ्यात दार उघडताच ऊन थेट आत शिरतं. आमच्याकडे इतका खटाटोप कशाला, असं काहींनी विचारलं. पण पेटी नसेल तर दरवर्षीचे आकडे एकमेकांशेजारी ठेवताच येत नाहीत, आणि तसे ठेवता येत नसतील तर ते लिहायचे तरी कशाला?

आत इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा कमाल-किमान तापमापक आहे. त्याची डावी बाजू किमानाची, आणि तिथले आकडे उलटे असतात, थंडी वाढेल तसा पारा वर चढतो. पाऱ्याने ढकललेली बारीक लोखंडी काडी जिथे थांबते, तिचं खालचं टोक वाचायचं. डोळा काडीच्या रेषेत हवा आणि वाचन झटकन व्हायला हवं, तोंडाची वाफ आत गेली की पारा हलतो.

वेळ सकाळी साडेआठची, भारतीय हवामान विभागाच्या केंद्रांवरही किमान तापमान याच वेळी घेतात. सहाला उठून वाचलं तर बऱ्याचदा खरी थंडी हुकते. जानेवारीत आमच्याकडे सूर्य सातनंतर उगवतो आणि पारा सर्वांत खाली जातो तो त्याच सुमारास.

पहिल्या हिवाळ्यात वही चाळताना एक गोष्ट खटकली. थंडीच्या लाटेनंतर ढगाळ, ऊबदार रात्र गेली तरी दुसऱ्या सकाळचं किमान कमीच दिसायचं. कारण शोधलं. साडेआठला वाचून झाल्यावर पुढच्या नोंदीसाठी काडी चुंबकाने पाऱ्यावर आणून ठेवली आणि तेव्हा हवाच 9 अंशांवर असली, तर पुढची रात्र 13 अंशांवर थांबली तरी काडी 9च दाखवणार. एकच गार सकाळ वहीत दोनदा चढते. म्हणून आता संध्याकाळी साडेपाचला कमाल वाचून झाल्यावर किमानाची काडी खाली आणतो आणि कमालाची सकाळी. ज्यांना नोंदी सुरू करायच्या आहेत त्यांनी एवढं तरी पहिल्या दिवसापासून पाळावं.

शेजारच्या मळ्यातले आबा एकदा सकाळीच आले. “काय रे, पेपरात सहा अन् तुझ्याकडं चार?” म्हटलं, “आबा, दोन्ही खरे. ते कुंदेवाडीचे, हे आपल्या खळग्यातले.” महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं तेव्हाही गावातला अधिकृत आकडा शून्याच्या बराच वर असतो. गवतालगतची हवा चार फुटांवरच्या हवेपेक्षा कितीतरी गार असू शकते. कुणी तापमापक गवतात ठेवून “आज शून्य!” असा फोटो फिरवतं, त्याचा मला राग येतो. आकडा खोटा नसतो, पण कोणत्या उंचीवरचा हे सांगितल्याशिवाय तो कुणाच्या उपयोगाचा नाही.

मी बाहेरगावी गेलो की आमची सौभाग्यवती वाचते. दोघंही नसलो तर रकाना कोरा. शेजारच्या दिवसांवरून अंदाजाने भरायचा नाही, हा नियम आम्ही कधी मोडत नाही.

वहीत वारा, ढग आणि पानांवरचं दव किती वाजता सुकलं हेही लिहितो. पानं उशिरापर्यंत ओली राहिली की डाऊनी या बुरशीजन्य रोगाची धास्ती असते. बागायतदार मात्र सर्वांत जास्त विचारतात ते किमान आणि कमाल यांतलं अंतर. थॉमसन सीडलेस या द्राक्षाच्या जातीच्या मण्यांत पाणी उतरायच्या वेळी रात्री कडक थंडी आणि दुपारी चांगलं ऊन असलं की पिंक बेरीची भीती, मणी गुलाबी पडतात आणि निर्यातीचा माल हातचा जातो. अशा दिवसांत अंतर वाढू लागलं की मी गावच्या ग्रुपवर लगेच टाकतो, आणि ज्यांचं राहिलंय ते घडांना कागद लावायची मजुरांची जुळवाजुळव सुरू करतात. थंडी फारच उतरेल असं वाटलं तर पहाटे ठिबक सोडायचं आणि बांधावर शेकोट्या करायच्या, हेही त्याच ग्रुपवर ठरतं.

यंदा सुतारांना दुसऱ्या पेटीची वर्दी दिली आहे. ती माळावर बसेल. तिथल्या बागायतदाराची धाकटी सून नोंद ठेवायला तयार आहे, आणि काड्या कधी कोणती खाली आणायची हे तिने माझ्याकडून दोनदा करून घेतलं आहे.