कागदी मुकुट आणि निळी ज्योत

नाताळचं जेवण एकत्र हॉटेलात करू, एवढं ठरवायला आमच्या ग्रुपला तीन आठवडे लागले. काल अखेर जमलो. सहा जण. सातवा ऐनवेळी सर्दीने आडवा.

टर्की कोरडी होती, खोटं कशाला बोलू. ग्रेव्हीने वेळ मारून नेली. पण प्रत्येकाच्या प्लेटशेजारी ते क्रॅकर होते ना, चकचकीत कागदात गुंडाळलेल्या पुठ्ठ्याच्या नळ्या! दोघांनी दोन टोकं धरून ओढायचं, फट्‌ आवाज होतो आणि आतून कागदी मुकुट, एखादं फुटकळ खेळणं आणि एक महापांचट विनोद पडतो. टॉम स्मिथ नावाच्या लंडनच्या मिठाईवाल्याने १८४०च्या दशकात हे खूळ काढलं. आमच्यातला सगळ्यात गंभीर माणूस, जो फोटोतही हसत नाही, तो गुलाबी मुकुट घालून शांतपणे बटाटे खात होता. पूर्णवेळ!

मग प्लम पुडिंग आलं. यात प्लम नसतात बरं का. जुन्या इंग्रजीत मनुकांनाही प्लम म्हणत. वेटरने दिवे मंद केले, गरम ब्रँडी वरून ओतली आणि काडी लावली. निळी ज्योत कडेकडेने सरकत खाली उतरली. जेमतेम अर्धा मिनिट. तेवढा वेळ कुणीच बोललं नाही, मोबाइलही कुणी काढला नाही. विझल्यावर सगळे एकदम ओरडले, "अरे, फोटो!"

सातव्याला व्हिडिओ कॉल केला. तो शिंकला, आम्ही टाळ्या वाजवल्या.

आत्ता पर्स उघडली तर किल्ल्यांखाली चुरगळलेला हिरवा मुकुट सापडला.