दादरचा दोरा, कान्हेरीची माळ

दोऱ्याचं एक टोक तिनं पायाच्या अंगठ्याला बांधलं होतं, दुसरं डाव्या हाताच्या बोटांत ताणलेलं. मोगऱ्याच्या दोन कळ्या डोकी डावीकडे करून, दोन उजवीकडे, देठावर देठ. वरून दोऱ्याचा फास पडायचा, अंगठा किंचित मागे जायचा, फास आवळायचा. तोवर पुढच्या चार कळ्या बोटांत आलेल्या असायच्या. हाताकडे तिचं लक्षच नव्हतं. शेजारणीशी मुलीच्या बारावीच्या पेपराबद्दल बोलणं चाललं होतं आणि गजरा मांडीवरून घरंगळत टोपलीत जात होता.

शनिवारी पहाटे पाच वाजता, दादर पश्चिमेला, मीनाताई ठाकरे फूल मंडईच्या बाहेर मी पंधरा मिनिटं उभी राहून हे बघत होते.

मी नाशिकची. पाडव्याच्या आधी दोन-तीन दिवस गिरगावात मावशीकडे येणं हा माझा जुना शिरस्ता. यंदा मनात एक राग घेऊन आले होते. वर्षभर फुलांच्या मांडणीच्या इतिहासाबद्दल मिळेल ते वाचत होते. त्यात इजिप्त असतं, ग्रीस-रोमचे फुलांचे मुकुट असतात, चीन असतो, जपानला तर निम्मी पानं. मग हॉलंड, इंग्लंड. भारताच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी: ‘पूजेत हार वापरतात.’ ज्या गावात पहाटे पाचला फुलांच्या पाट्यांमधून पाय ठेवायला जागा नसते, त्या गावची मी भाची. मला हे लागलं. म्हणून ठरवलं, या खेपेला मुंबईत दोन दिवस फक्त फुलांमागे फिरायचं.

मंडई तेव्हा ऐन भरात होती. पाडवा तोंडावर, त्यामुळे झेंडूचे ढीग माणसाच्या छातीपर्यंत आलेले. कलकत्ता गोंडा वेगळा, देशी वेगळा. वसई-पालघरकडची मंडळी पहिल्या लोकलने चाफा, जास्वंद, मोगरा घेऊन उतरलेली. पलीकडे मावळातल्या पॉलिहाऊसचे डच गुलाब कागदात गुंडाळलेले, जरबेऱ्याच्या प्रत्येक फुलाला प्लास्टिकची टोपी. एका कोकणी काकूंकडे सुरंगीचे वळेसर, म्हणजे गजरे, मिळाले, मी दोन घेतले. त्यांचा मोसम किती थोडा असतो ते ठाऊक असलेल्या माणसाने भाव करू नये.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. दसऱ्याला, पाडव्याला ज्याच्याशिवाय आपलं दार उघडं वाटतं तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. पोर्तुगीजांच्या काळात तो समुद्रावरून आला. निशिगंधही तिकडचाच. देवळापुढचा खुरचाफा मध्य अमेरिकेतला, शेवंती चीनची, जरबेरा आणि ग्लॅडिओलस आफ्रिकेचे. म्हणजे आपण फुलं जगभरातून घेतली, पण ती आल्यावर त्यांना फुलदाणीत उभं नाही केलं. देठ खुडला आणि दोऱ्यात ओवलं. परक्या फुलाला घरचं करायची आपली रीत हीच, असं मला त्या ढिगासमोर उभं राहून पहिल्यांदा जाणवलं.

साडेसातला चर्नी रोडला उतरून मावशीच्या चाळीत पोचले. मावशीचं वय एकाहत्तर. बँकेतल्या नोकरीत असताना शनिवारच्या अर्ध्या दिवशी ती इकेबाना, म्हणजे जपानी पद्धतीची फुलांची मांडणी, शिकायला जायची, पुढे स्वतः शिकवू लागली. चाळीस वर्षं झाली. तिच्या खिडकीशी पाटावर एक उथळ काळी थाळी असते, तिच्यात केन्झान, म्हणजे पितळी सुयांचा जड गोळा. फांदी त्या सुयांत खोचली की हवी तशी कलती उभी राहते.

‘‘बस, चहा घे, मग बघ,’’ म्हणाली. मी आणलेली आंब्याची डहाळी तिनं उलटसुलट करून पाहिली, वाटीभर पाण्यात तिचं टोक बुडवलं आणि पाण्यातच कात्री चालवली. याला मिझुकिरी म्हणतात. हवेत कापलं की देठाच्या नळ्यांत हवा शिरते आणि मग पाणी वर चढत नाही. मग मापं. थाळीची रुंदी आणि खोली मिळवायची, त्याच्या दीडपट पहिली फांदी, शिन. तिच्या पाऊणपट दुसरी, सोए. त्या सोएच्या पाऊणपट तिसरी, हिकाए. शिन उभ्या रेषेपासून पंधरा अंश कललेली, सोए पंचेचाळीस, हिकाए पंचाहत्तर. ही सोगेत्सु घराण्याची पहिल्या धड्यातली मांडणी. हे घराणं तेशिगाहारा सोफू यांनी १९२७ साली काढलं. आंब्याच्या दोन फांद्या आणि एक पिवळी शेवंती, एवढ्यात तिनं खिडकी भरून टाकली. भरली म्हणजे खरं तर रिकामी ठेवली. तीन रेषांच्या मधली जागाच नजरेत भरते.

‘‘हे सगळं सुरू कुठे झालं माहितेय?’’ मावशी म्हणाली. ‘‘देवापुढे. आपल्यासारखंच.’’

बौद्ध धर्म जपानात पोचला तेव्हा बुद्धापुढे फुलं वाहायची पद्धतही गेली. मूर्तीसमोर मधे धूपपात्र, एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला फुलांचं भांडं. क्योटोच्या रोक्काकुदो देवळातले पुजारी या फुलांमध्ये वाकबगार झाले. त्यातल्या इकेनोबो सेन्केई यांनी सोन्याच्या भांड्यात रचलेली फुलं बघायला क्योटोतली माणसं लोटली, अशी नोंद १४६२ सालची आहे. तिथून ‘रिक्का’ घडत गेली. रिक्का म्हणजे उभी फुलं, मोठी, भारदस्त, आणि त्यात दाखवायचा असतो तो मेरू पर्वत. आपला मेरू! मग सोळाव्या शतकात चहाविधीचा गुरू सेन नो रिक्यू आला आणि त्यानं सगळा डामडौल खाली उतरवला. फुलं रानात असतात तशी ठेवा, एवढंच त्याचं म्हणणं.

रिक्यूची एक दंतकथा मावशी फार जीव लावून सांगते. त्याच्या बागेत गारवेलीचा बहर आलाय असं ऐकून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी सकाळी बघायला गेला, तर बागेत एकही फूल नाही. सगळी खुडलेली. तो चिडून चहाच्या खोलीत शिरला. तिथे अंधारात एकच फूल होतं. हे सांगताना मावशीचा आवाज दर वेळी उतरतो.

दुपारी आम्ही दोघी म्युझियमला गेलो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय हे पूर्ण नाव आता सगळ्यांच्या तोंडात बसलंय, पण गिरगावकर ‘म्युझियम’ एवढंच म्हणतात. १९२२ साली ते लोकांना खुलं झालं. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या चिनी-जपानी वस्तूंचं दालन आहे, मावशीला तिथेच जायचं असतं. एका उंच चिनी मातीच्या दाणीसमोर ती उभी राहिली आणि युआन होंगदाओ या चिनी लेखकाबद्दल सांगू लागली. या माणसानं १५९९ साली फुलदाण्यांवर एक छोटा ग्रंथ लिहिला. कुठल्या फुलाला कुठलं भांडं, फुलांना आंघोळ कशी घालावी, फुलांजवळ धूप का जाळू नये. फुलांचा आस्वाद चहासोबत घेणं सर्वांत उत्तम, गप्पांसोबत मध्यम, दारूसोबत सर्वांत हलकं, असं त्यात म्हटलंय. मला हा माणूस फार आवडला.

पुढे मुघल चित्रांपाशी थांबलो. ‘फुलदाणी’ या शब्दातलं ‘दाणी’ फारसीतून आलेलं, अत्तरदाणी, पिकदाणी, गुलाबदाणीसारखंच. भिंतीत कोनाडे करून त्यांत दाण्या ठेवायच्या किंवा रंगवायच्या, त्याला चिनीखाना म्हणत. युरोपच्या सतराव्या शतकातल्या डच फुलचित्रांत तर वसंतातला ट्यूलिप आणि उन्हाळ्यातला गुलाब एकाच दाणीत असतात. ते गुच्छ टेबलावर कधी नव्हतेच, फक्त कॅनव्हासवर होते.

बाहेर आल्यावर पायऱ्यांवर बसलो तेव्हा मला ते सापडलं, ज्याच्यासाठी मी रागावले होते. संग्रहालयात फुलं नाहीत, दाण्या आहेत. फूल मेलं तरी भांडं उरतं, आणि भांडं उरलं की इतिहास लिहिता येतो. आपली कला दोऱ्यातली. संध्याकाळी हार सुकतो, सकाळी निर्माल्य, मग नदी नाहीतर झाडाचं आळं. काही म्हणजे काहीच मागे राहत नाही. पुस्तकातल्या त्या दोन ओळी द्वेषाने लिहिलेल्या नव्हत्या. लिहिणाऱ्याला हातात धरायला काही मिळालंच नव्हतं.

अपवाद एक, तोही वाळवंटामुळे. इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या अंत्यविधीतल्या फुलांच्या माळा सव्वातीन हजार वर्षांनीही मिळाल्या. ऑलिव्हची पानं, निळी फुलं, कमळाच्या पाकळ्या, पपायरसवर शिवलेल्या. म्हणजे जगातल्या हातात आलेल्या फार जुन्या फुलांच्या मांडण्यांपैकी ही एक, आणि ती दाणीतली नाही. ती ओवलेली, शिवलेली आहे.

आपल्याकडे वस्तू राहिली नाही, पण शब्द राहिले. त्या रात्री मावशीच्या कपाटातला अमरकोश, तो जुना संस्कृत शब्दकोश, काढला. माळ कुठे घातली यावरून तिचं नाव बदलतं. केसांच्या मधोमध असेल तर गर्भक. शेंडीवरून लोंबली तर प्रभ्रष्टक. कपाळावर पुढे आली की ललामक. गळ्यातून सरळ खाली लोंबते ते प्रालंब, छातीवर जानव्यासारखी तिरकी जाते ते वैकक्षिक. डोक्यावरचा तुरा तो आपीड किंवा शेखर. माझ्या वर्गात दोन शेखर होते, दोघांनाही आपण फुलांचा तुरा आहोत हे ठाऊक नसेल! वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत माळा गुंफण्याचे प्रकार वेगळे, शेखर-आपीड बांधणं वेगळं, तांदूळ आणि फुलांच्या आकृती काढणं वेगळं, फुलांचं अंथरूण वेगळं. जिथे एवढी नावं लागतात तिथे एवढे हात होते. आणि त्या हातांना मानही होता. रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यांत एका मालाकारानं दिलेल्या दानाचा लेख कोरलेला आहे. हार करणाऱ्या माणसानं लेण्यासाठी दान दिलं होतं.

रविवारी सकाळी बोरिवलीच्या उद्यानातून गाडीने वर कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांना. मार्चचं ऊन, काळा दगड नऊलाच तापलेला. मावशी काठी टेकत, प्रत्येक वळणावर ‘‘जरा थांब गं’’ म्हणत चढली. तिसरं लेणं, चैत्यगृह, दुसऱ्या शतकातलं, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळचं. आत शिरताच गारवा. कोरलेल्या खांबांचे पाय घटाच्या आकाराचे आहेत. वर शीर्षांवर हत्ती. मावशीनं पहिला खांब बघूनच काठी आपटली. ‘‘हे भांडं बघ! आपल्याकडे भांडं नव्हतं म्हणालीस ना काल?’’

खरं होतं. पूर्णघट हा आपला जुना कलश, सांचीच्या दगडात त्यातून कमळं बाहेर येताना दिसतात. दाणी आपल्याला माहीत होती, पण ती आपण मंगल चिन्ह म्हणून ठेवली आणि रोजचा जीव दोऱ्यात ओतला. माझं कालचं म्हणणं थोडं बदलावं लागलं, ते मी तिथेच मान्य केलं.

नव्वदाव्या लेण्यापर्यंत मावशी येईल असं वाटलं नव्हतं. आली. आत भिंतीवर कमळावर बसलेला बुद्ध, कमळाचा देठ नागांनी तोलून धरलेला, आणि त्याच देठातून फांद्या फुटून दुसरी कमळं. शेजारी बोधिसत्त्व अवलोकितेश्वराच्या हातात लांब देठाचं कमळ. मावशी त्या देठाचा बाक बोटाने हवेत काढत राहिली, पंधरा अंश, पंचेचाळीस अंश. मी वर बघत होते. वर हवेत तरंगणाऱ्या आकृत्या माळा घेऊन येत होत्या. एकाच भिंतीवर देठही होता आणि माळही.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘चाळीस वर्षं मी फांद्या मोजल्या. गजरा मात्र कायम विकतच आणला. मला गाठ येत नाही.’’

सोमवारी पहाटे पाचला आम्ही दोघी दादरला. ती बाई त्याच जागी होती. मावशी काय शिकायला आलीय हे कळल्यावर तिनं आधी हसून घेतलं, मग पोतं झटकून शेजारी जागा केली. ‘‘बसा आजी,’’ म्हणत तिनं दोरा ओला केला आणि मावशीच्या अंगठ्याला फास घातला. ‘‘देठ पकडा. फूल पकडू नका, फूल दुखतं.’’ पहिली जोडी सुटली. दुसरीत एक कळी मोडली, ती तिनं उचलून मावशीच्या अंबाड्यात खोचली. तिसऱ्या जोडीला गाठ बसली.