तुम्ही विचारलंत म्हणून: ९ मिमीच्या रुळावर आयर्लंड बसेल का?

कुणी माथेरानच्या गाडीचं मॉडेल करायचं म्हणून ९ मिमीचे रूळ आणून ठेवलेले असतात, कुणाच्या हाती एन गेजचा (९ मिमी रुळावर चालणाऱ्या छोट्या मॉडेल गाड्यांचा) जुना संच लागलेला असतो. मग आयर्लंडमधल्या डोनेगलच्या लाल-क्रीम रेलकारचा (स्वतःचं इंजिन असलेल्या प्रवासी गाडीचा) फोटो दिसतो आणि प्रश्न येतो: आहे त्या रुळावर, एका फळीत मावेल असा आयरिश नॅरो गेजचा लेआउट करता येईल का?

येईल. फक्त १:७६ला नको, १:१००च्या जवळ करा.

हिशेब सोपा आहे. आयर्लंडच्या जवळजवळ सगळ्या प्रवासी नॅरो गेज मार्गांचं माप ३ फूट, म्हणजे ९१४ मिमी. माथेरानचं २ फूट, बार्शी लाइट रेल्वेचं अडीच फूट होतं. फुटाला ४ मिमी धरलं (१:७६) तर माथेरानला ८ मिमी रूळ हवा; ९ मिमी वापरला तर तो एक मिमी कुणाच्या डोळ्यावर येत नाही. आयर्लंडला मात्र त्याच प्रमाणात १२ मिमी लागतात. ९ मिमीवर बसवलं की पाव भाग गायब. डोनेगलचे डबे रुंदीला सात फुटांच्या आसपास, म्हणजे २८ मिमी. ते ९ मिमीच्या रुळावर ठेवले की डबा रुळाच्या तिप्पट रुंद दिसतो आणि वळणावर झुकायलाही लागतो. रंग, घरं, दगडी भिंती कितीही अचूक करा, हे प्रमाण बिघडलं की ती गाडी आयरिश वाटत नाही.

मार्ग तीन. एक, १:७६च ठेवून १२ मिमीचा रूळ घ्यायचा. एचओएम या मीटर गेजच्या मापासाठी पेको आणि टिलिग तो बनवतात. दुसरा, फुटाला साडेपाच मिमी धरून नेहमीच्या १६.५ मिमी रुळावर करायचं. गणित तंतोतंत जुळतं, पण जागा वाढते. तिसरा म्हणजे फुटाला ३ मिमी. तीन त्रिक नऊ, रूळ बरोबर ९ मिमी. प्रमाण १:१०१.६.

घरात ९ मिमी असेल तर तिसराच घ्या. या प्रमाणात तयार गाड्या फारशा मिळत नाहीत, हे आधीच मान्य करून टाका. पण आपल्याकडे आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना लागणारं सामान विकणाऱ्या दुकानांत १:१०० मापाची माणसं, झाडं, मोटारी सहज मिळतात, आणि १:१०० व १:१०१.६ यांतला फरक दीड टक्क्याचा आहे. शिवाय एन गेजची ६ मिमीच्या आसपास व्यासाची चाकं या प्रमाणात दोन फुटांची होतात. नॅरो गेजच्या मालडब्याला तेवढीच हवीत.

आता मार्ग कोणता? ट्रॅली-डिंगल आकर्षक आहे. रस्त्याच्या कडेनं जाणारा रूळ, १:२९चा चढ, जनावरांच्या बाजाराच्या खास गाड्या. पण तिथे वाफेची इंजिनं बनवावी लागतात, आणि पहिल्याच कामाला ३ मिमीत बाहेरची सिलिंडरं व दांडे म्हणजे अर्धवट सोडण्याची हमी. वेस्ट क्लेअरचंही तेच, १९५२ नंतरचा डिझेलचा काळ घेतलात तर गोष्ट वेगळी. माझं मत डोनेगलला. सुमारे १२५ मैलांचं हे जाळं १९५९च्या अखेरीपर्यंत चाललं आणि १९३०च्या दशकापासून त्याचा प्रवासी भार मुख्यतः डिझेल रेलकारवर होता. १९३४ची १२ नंबरची गाडी हा त्यातला नमुना. पुढे विगनच्या वॉकर ब्रदर्सचा इंजिनवाला छोटा भाग, मागे त्यावर टेकलेला प्रवासी डबा, दोन्ही मधल्या खिळीवर वळणारे. तुम्हाला बनवायचं आहे ते एक चालतं चॅसी (मोटर बसवलेला चाकांचा सांगाडा) आणि दोन खोकी.

या रेलकारला चालकाची जागा एकाच टोकाला. शेवटच्या स्थानकात ती टर्नटेबलवर फिरवावी लागे. लहान लेआउटवर टर्नटेबल करत बसू नका. स्थानक मधलं घ्या, शेवटचं नको. दोन्ही बाजूंना पडद्याआड सुट्या कॅसेट ठेवा: २५० मिमी लांब, ५० मिमी रुंद प्लायची पट्टी, वर रुळाचा सरळ तुकडा, बाजूंना १५ मिमी उंच कडा. गाडी आत आली की कॅसेट उचलून फिरवायची. विजेचा घोटाळा होत नाही, कारण गाडी आणि तिचे रूळ दोन्ही एकत्र फिरतात. कंट्रोलरची दिशा तेवढी उलटवा. जोडणीसाठी कॅसेटच्या दोन्ही टोकांना आणि फळीच्या कडेला, रुळांच्या बाहेरच्या अंगाला, २ मिमी छिद्राच्या पितळी नळ्या सोल्डर करा आणि मधून सुटी पितळी सळई सरकवा. रूळ समोरासमोर येतात आणि वीजही त्यातूनच जाते. नळ्या फळीलाच घट्ट चिकटवून मग रुळाला सोल्डर करा. नुसत्या रुळाला जोडल्या तर महिन्याभरात रूळ स्लीपरमधून उपटतो.

दिसणारी फळी ९०० × २५० मिमी पुरते. प्रत्यक्षातले तीनशे फूट झाले. वर ६ मिमी प्लाय, खाली ६० मिमी उंचीच्या पट्ट्यांची चौकट, दर ३०० मिमीला आडवी पट्टी. प्लाय आयएस ७१० दर्जाचा (मरीन) घ्या, आणि काम सुरू करण्याआधी दोन्ही बाजूंना व कडांना सीलरचे दोन हात द्या. कोकणात किंवा मुंबईत फळी वाकते ती प्लाय वाईट म्हणून कमी, आणि वरची बाजू रंग-गोंदाने बंद, खालची उघडी राहिली म्हणून जास्त. पावसाळ्यात एकाच बाजूने दमट हवा शिरते आणि फळी कमान घेते.

मांडणीत सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा) एकच, साइडिंग (बाजूला काढलेला रूळ) एकच. रेलकार डावीकडून येते, मागे एक मालडबा. साइडिंग असं काढा की गाडी सांध्यावरून पुढे जाऊन थांबेल आणि मागे येत डबा आत ढकलेल. त्यासाठी सांध्याच्या पात्यांपुढे (सरकणाऱ्या टोकांपुढे) गाडी मावली पाहिजे: रेलकार सुमारे १२० मिमी, डबा ४५, मधली जोडणी, १८० मिमी मोकळे सोडा. नेमकं इथेच बहुतेकांचं चुकतं. सांधा सुंदर दिसतो म्हणून कडेला नेतात आणि डबा प्रत्येक वेळी कॅसेटमध्ये अडकतो. उलट दिशेच्या गाडीला हे साइडिंग वापरता येत नाही, तिचं नाकच आधी आत जाईल. त्यात बिघडत काही नाही. खऱ्या मार्गांवरही असे डबे परतीच्या फेरीवर सोपवले जात.

सांधा पेकोचा एन गेज, मध्यम त्रिज्येचा (४५७ मिमी), धातूचा जिवंत फ्रॉग असलेला (फ्रॉग म्हणजे सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग; जिवंत म्हणजे वीज असलेला). प्लास्टिकचा निर्जीव फ्रॉग घेऊ नका. चार चाकांचं चालतं चॅसी त्यावर हळू आलं की थांबतंच. जिवंत फ्रॉगचा नियम एक: वीज पात्यांच्या बाजूनं द्या, फ्रॉगनंतरच्या दोन्ही आतल्या रुळांना प्लास्टिकचे जोड घाला आणि जोडापलीकडच्या रुळांना वीज वेगळ्या तारेनं द्या. हे जोड विसरलात तर सांधा एका बाजूला चालेल, दुसऱ्या बाजूला शॉर्ट होईल, आणि तुम्ही दोष कंट्रोलरला द्याल. पाती टेकण्यावर विसंबू नका. सांध्याच्या दांड्याला छोटा स्लाइड स्विच जोडून फ्रॉगची वीज त्यातून बदला. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत हा स्विच किरकोळ किमतीत मिळतो.

एन गेजच्या रुळाचे स्लीपर लांबीला चालून जातात, पण फार दाट असतात: ५ मिमीच्या आसपास, म्हणजे आपल्या प्रमाणात वीस इंच. त्यांच्यातला खालचा प्लास्टिकचा दुवा कापून, पाचातले दोन काढून, उरलेले सारखे सरकवा. अंतर सव्वाआठ मिमीच्या घरात जातं आणि रूळ लगेच हलक्या मार्गाचा वाटू लागतो. ००९चा (१:७६च्या नॅरो गेज मॉडेलांसाठीचा ९ मिमी) विरळ स्लीपरचा रूळ मिळाला तर हे कष्ट वाचतात. दुवे कापल्यावर रूळ लवचीक होतो, म्हणून चिकटवताना स्टीलची पट्टी लावून सरळ धरा आणि गेज दर ५० मिमीला तपासा. दोन रुळांच्या जोडात अर्धा मिमी फट ठेवा. मेच्या उष्णतेत रूळ वाढायला ही फट नसली तर तो बाजूला फुगतो. खडी चाळलेल्या नदीच्या वाळूची, अर्धा मिमीच्या आतली. समुद्राची नको, तिच्यातलं मीठ धातू खातं. फेविकॉल एकास तीन पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, ड्रॉपरने. पात्यांच्या आसपास गोंद अजिबात नको, तिथे नुसता रंग द्या. खडी स्लीपरच्या माथ्यापर्यंत भरा आणि मातकट ठेवा. रुळाची उंची या प्रमाणात जास्तच दिसते. बाजू गंजाच्या तपकिरीने रंगवल्या की डोळा फसतो.

रेलकारच्या पुढच्या भागाखाली काटो किंवा टोमीटेक या जपानी कंपन्यांचं एन गेजचं लहान चालतं चॅसी बसवा. चॅसी आधी विकत घ्या, मगच खोकं आखा. उलटं केलंत की बॉनेटमध्ये मोटर मावत नाही. खोक्याला अर्धा मिमी प्लास्टिक शीट, किंवा वर्स्ली वर्क्सचे एच केलेले (रसायनाने कोरून काढलेले) पितळी पत्रे. खरी अडचण मधल्या खिळीत येते. एम२ स्क्रू घट्ट बसवला की मागचा डबा पुढच्या भागाला उचलतो, एक चाक हवेत जातं आणि गाडी सांध्यावर रुळावरून घसरते. छिद्र लांबट करा, वॉशर घाला, डबा दोन्ही बाजूंना जरा डोलला पाहिजे आणि पुढे-मागे वाकला पाहिजे. वजन पुढे हवं: मोटरच्या भोवती मावेल तितकं शिसं, आणि डब्यातलं वजन खिळीजवळ, म्हणजे त्याचा भार चालत्या चाकांवर येतो. मालडबा ८ ते १० ग्रॅमचा करा. रंग खाली जिरॅनियम लाल, वर क्रीम. रेलकारमागे लावायचे मालडबे लाल, बाकीचे करडे. दुसरं वाहन हवंच असेल तर ११ नंबरचा 'फिनिक्स' करा: क्लॉगर व्हॅली मार्गाकडून १९३२ मध्ये घेतलेला, वाफेवरून डिझेलवर आणलेला चार चाकांचा बुटका ट्रॅक्टर. त्याच्याइतकं सोपं आयरिश इंजिन नाही.

ताशी ४० किमी या प्रमाणात सेकंदाला ११ सेंमी होतात. फळी ओलांडायला गाडीने आठ सेकंद घेतले पाहिजेत. तीन सेकंदांत गेली तर कंट्रोलर बदला.

देखाव्यात लोक हिरवा रंग ओततात आणि शॅमरॉकची पानं लावतात. डोनेगल तसा नाही. ओलं गवत तपकिरी-पिवळट, मधे लव्हाळ्यांचे झुपके, पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं. २ आणि ४ मिमीचं स्टॅटिक गवत (विजेच्या भाराने उभं चिकटणारे कृत्रिम धागे) तीन छटांत मिसळा, त्यात वाळलेल्या गवताचा रंग निम्मा. भिंती चुन्याशिवाय रचलेल्या दगडांच्या. घर एकच पुरे, रेल्वे फाटकवाल्याचं किंवा शेतकऱ्याचं: बुटकं, चुना फासलेलं, गवताचं छप्पर, आणि त्यावर दोरखंडाचं जाळं; अटलांटिकच्या वाऱ्यात छप्पर उडू नये म्हणून दोर भिंतीतल्या खुंट्यांना बांधलेले असत. भिंतीशी पीटच्या विटांची रास, प्रत्येक वीट ३ × १ मिमी. ती चहाच्या चोथ्याची करायचा मोह होतो. पावसाळ्यात त्याला बुरशी येते. तपकिरी रंगवलेला कॉर्क कापा. टपालपेटी लाल नको, हिरवी. १९२२ नंतर जुन्या पेट्यांवर हिरवा रंग चढला, राजाची मुद्रा मात्र तशीच राहिली.

गाडी नुसती ये-जा करून कंटाळा येतो, आणि त्यावरचा उपाय या मार्गाच्या इतिहासातच आहे. १९२२ नंतर स्ट्रबेन उत्तर आयर्लंडात राहिलं आणि नदीपलीकडचं लिफर्ड फ्री स्टेटमध्ये (नव्या आयरिश राज्यात) गेलं. १९२३ पासून मधे जकात सुरू झाली. तुमचं स्थानक सरहद्दीलगतचं समजा. साइडिंगमध्ये ढकललेला डबा जकातीच्या तपासणीसाठी थांबतो, कागद होईपर्यंत सोडता येत नाही, आणि पुढची रेलकार त्याशिवायच निघते. चार डब्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या करा, फासा टाका: एक किंवा दोन आलं तर डबा आणखी एक फेरी अडकला. मात्र डबा सोडवण्यासाठी हात फळीवर न्यावा लागणार असेल तर हा खेळ लवकरच बंद पडतो. म्हणून जोडणी डब्यांच्या मधोमध, सगळ्यांची उंची एकाच ठोकळ्यावर मोजून, ०.३ मिमी तारेचा कडा (गोल फास) एका टोकाला व आकडा दुसऱ्या टोकाला अशी करा. कड्याच्या शेपटीला लोखंडी तारेचा तुकडा जोडा आणि साइडिंगच्या रुळांमध्ये खाली चुंबक पुरा, म्हणजे शेपटी खाली ओढली जाऊन कडा सुटतो. कडा पितळी किंवा फॉस्फर ब्राँझचाच हवा; तोही लोखंडी केलात तर चुंबक सगळंच खाली ओढतो आणि डबा सुटत नाही.