सांगू नकोस ना, आई!

"कात्री! अगं, कात्री खालच्या कोपऱ्यात होती!"

आई माझ्या खांद्यावरून लॅपटॉपमध्ये डोकावत होती, आणि माझी वर्षाची परीक्षा तिथेच फुकट गेली.

परीक्षा मेंदूची. इंग्लंडात एक्झिटर विद्यापीठ आणि लंडनचं किंग्ज कॉलेज मिळून २०१५ पासून 'प्रोटेक्ट' नावाचा अभ्यास चालवतात. ज्यांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, नाही अशांनी नाव नोंदवायचं, दरवर्षी घरबसल्या ऑनलाइन चाचण्या द्यायच्या आणि तब्येतीची लांबलचक प्रश्नावली भरायची. पन्नाशी ओलांडली तशी मी नाव घातलं. कारण बाबा. यंदाची मेल आली तेव्हा मी नाशिकला, गंगापूर रोडच्या घरी द्राक्षं खात बसले होते. म्हटलं, घरी द्यायची परीक्षा ना, मग हेही घरच!

चूक झाली. तिकडे इंग्लंडात माझ्या घरात दुपारी फ्रिजचा आवाज ऐकू येतो इतकी शांतता असते. इथे पहिल्या पाच मिनिटांत घंटागाडी आली, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या आणि समोरच्या काकू "कधी आलीस गं?" म्हणत थेट आत आल्या. समोर पडद्यावर आकडे एकेक करून चमकतात, ते त्याच क्रमाने टाइप करायचे; दर बरोबर उत्तरामागे एक आकडा वाढतो. एका खेळात चौकटींमध्ये वस्तू दिसतात आणि झाकल्या जातात, कुठे काय होतं ते ओळखायचं. कात्री तिथलीच. आईचं उत्तर बरोबर होतं, हे वर!

अशा चाचणीत आलेल्या गुणांना एकट्याने फारसा अर्थ नसतो. तुलना स्वतःशीच असते, म्हणजे पाच वर्षांपूर्वीची मी आणि आजची मी. त्यातही मेख आहे. पहिल्या एकदोन वेळा नुसत्या सरावानेच गुण वाढतात. माउसऐवजी बोटाने उत्तरं दिली तर वेळ बदलतो. झोप झाली नसेल, मन थाऱ्यावर नसेल तर आकडा खाली येतो. म्हणून एकदा गुण घसरले की घाबरायचं नाही, आणि चांगले आले म्हणून डॉक्टर टाळायचा नाही. हे निदान नव्हेच. पण कुणी मधे सांगितलं तर वर्षानुवर्षांच्या गुणांची रेघच खोटी पडते.

आणि आमच्या घरात सांगणं हीच तर माया.

बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. नजर अशी, की लग्नपत्रिकेतली चूक दारातच सापडायची. निवृत्तीनंतर त्यांना शब्द सापडेनासे झाले, आणि आई ते पुरवायला लागली. भाजीवाल्याशी हिशेब तीच करायची. फोनवर मी विचारलं, "बाबा, काय जेवलात?" की मागून हळूच आवाज यायचा, "मेथी म्हणा, मेथी." मी तिकडे हसायचे, म्हणायचे काय छान जोडी आहे! स्मृतिभ्रंश हा छापील शब्द आमच्या घरात आलाच नाही. "वयाप्रमाणे विसरतात हो" एवढंच.

शेवटी एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, आज वार कोणता? बाबांनी डॉक्टरांकडे बघितलंच नाही, मान वळवून आईकडे बघितलं. आई म्हणाली, "गुरुवार." घड्याळ काढायला सांगितलं तर वर्तुळ सुरेख काढलं, आणि बाराही आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने बसवले. मी पुढे वाचलं तेव्हा कळलं, प्रश्न आला की सोबतच्या माणसाकडे मान वळणं हे डॉक्टरांच्या ओळखीचं लक्षण आहे. इंग्रजीत त्याला 'हेड टर्निंग साइन' असं नावच आहे. आमच्याकडे ते किमान तीन वर्षं रोज जेवणाच्या टेबलावर दिसत होतं.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीचा अंदाज असा, की भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया आहे. त्यातल्या कितीजणांचं "मेथी म्हणा"वर निभावतंय, देव जाणे.

तर कात्रीनंतर मी लॅपटॉप मिटला. आई ओशाळली, आणि लगेच म्हणाली, "मग माझी घे की परीक्षा." माझ्या खात्यावर तिला बसवणं शक्यच नव्हतं, आणि चाचणी इंग्रजीत. मी तोंडी मराठी करायला गेले तर भलताच घोळ. "वर्तुळ चौकोनापेक्षा मोठं नाही", खरं की खोटं? इंग्रजीत नकार मधेच कळतो, आपल्याकडे तो शेवटी येतो, तोवर आई "खरं!" म्हणून मोकळी. अशी परीक्षा नुसती भाषांतर करून चालत नाही, त्या भाषेत आणि त्या शिक्षणाच्या माणसांवर पारखून घ्यावी लागते. आपल्या आयसीएमआरने, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, स्मरण-आकलनाच्या चाचण्यांचा असा संच केला आहे, पण सुरुवातीच्या पाच भाषा होत्या हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. मराठी नव्हती.

मग नुसतेच आकडे घेतले. मी म्हणायचं, तिने उलटे सांगायचे. पहिल्याच फेरीत तिला 'सात'चं 'आठ' ऐकू आलं. म्हटलं, कानाचं मशीन कुठाय? ते कपाटात, लवंगांच्या जुन्या स्टीलच्या डबीत, रुमालात गुंडाळून. "घरात कशाला? बाहेर जाताना घालते." तिच्याशी मी यावरून दोन वर्षं भांडते आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली डिमेन्शियाचे टाळता येण्याजोगे १४ धोके मोजले, त्यात रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा यांच्याबरोबर ऐकू कमी येणं हेही आहे. एवढं सगळं मी तिला ऐकवलं नाही. लवंगेचा वास येणारं मशीन पुसलं आणि तिच्या कानात घातलं.

"चार, नऊ, दोन, सात."

"सात... दोन..." ती थांबली. डोळे माझ्या तोंडावर. मग एकदम फटकारलं, "तुझे ओठ हलतायत!"

मला पत्ताच नव्हता.

"तिकडे तोंड कर बघू," आई म्हणाली. मी खुर्ची खिडकीकडे वळवली, तिच्याकडे पाठ करून बसले आणि पुढचे पाच आकडे म्हटले.